निळ्या खुर्चीचं घर

२ मार्च

प्रिय ठोंब्या,

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू सापडत नाहीस. शेजारच्या काकूंकडे तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बिचाऱ्या शिलाई मशीन सोडून तुला बोलवायला गेल्या आणि तिन्ही वेळा परत येऊन म्हणाल्या, तो कामात आहे. घरी बसून स्क्रूची पाकिटं भरणाऱ्या माणसाला एवढं कसलं रे काम असतं? रागावला असशील तर तसं लिही. रुसून बसायचं तुझं वय राहिलेलं नाही, पन्नाशी उलटली.

आता मुद्द्याचं. दलालाचा फोन आला होता. तो म्हणतो, घर आतून ठीक आहे, छप्पर गळत नाही, पण तीन गिऱ्हाइकं फाटकातूनच परत गेली. "बाई, तुमच्या बागेत शिरायचं तर कोयता घेऊन यावं लागतं," असं मला ऐकवलं त्याने. मी शाळेत चाळीस वर्षांच्या शिक्षिकांना सरळ करते, पण त्याच्यापुढे मान खाली घालावी लागली, कारण तो खोटं बोलत नव्हता.

तुला परत आठवण करून देते. माझ्या शेजारची तळमजल्यावरची जागा एकतीस मार्चपर्यंतच आपल्यासाठी थांबेल. तोवर घराचा सौदा ठरला तर तू आणि आई इथे, माझ्या हाकेच्या अंतरावर याल. नाही ठरला तर पुढचं सगळं वर्ष तू एकटा आणि ती. तुझी मागची पत्रं वाचून मला नाही वाटत तुला ते झेपेल.

तेव्हा उद्यापासून बागेला हात घाल. गुडघाभर गवत मुळासकट काढ. खिडकीवर चढलेली वेल उतरव, खिडकीला काच आहे हे लोकांना कळू दे. पायवाटेवरचं काटेरी झुडूप, डबे, फुटक्या कुंड्या, बाबांनी जमवलेले ते पाइपाचे तुकडे, सगळं बाहेर. आणि ती निळी खुर्ची सगळ्यात आधी फेक. तीन पाय आणि चौथ्या जागी वीट. लहानपणी शाळेत मुली मला 'खुर्चीवाली' म्हणायच्या, ठाऊक आहे ना? जाता-येता सगळ्या जगाला दिसेल अशी फाटकाशीच का ठेवली होती ती, देव जाणे.

मी स्वतः आले असते, पण शाळेतून सुट्टी मिळत नाही.

तुझी ताई

---

६ मार्च

प्रिय ताई,

रुसलो नाही. फोनचं म्हणशील तर काकूंच्या घरात उभं राहून घरातलं बोलायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या घरांच्या सगळ्या रांगेला बातमी. पत्र बरं. पत्रात तू मला मध्येच तोडत नाहीस.

बागेचं वाचलं. तू 'गवत' म्हणतेस त्याचं खोड माझ्या अंगठ्याएवढं आहे. काल सकाळी सुरुवात केली, दुपारपर्यंत फाटकापासून चार पावलं आत सरकलो. वेलीच्या आत पक्ष्याचं जुनं घरटं, बाबांचा एक बूट आणि तुझी पट्टी निघाली, तुझं नाव कोरलेली. बूट कुठल्या पायाचा ते आईने बरोबर सांगितलं. मी कोण ते मात्र तिला सकाळपासून आठवत नव्हतं.

खुर्चीचं एवढ्यात जमणार नाही. चहा झाला की आई त्या खुर्चीवर जाऊन बसते ती दुपारपर्यंत. रस्ता बघते. तेवढ्यात माझी पाकिटं भरून होतात, भांडी होतात. तिथून उठली की मग सुरू. साबण उशीखाली लपवते. बाबांची पाळी किती वाजता सुटते ते विचारते. मी सांगतो, सुटेल इतक्यात. पाच मिनिटांनी परत विचारते. दिवसभरात शंभरदा झालं असेल, मी खोटं सांगत नाही.

ताई, एक लिहायचं नव्हतं, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला. परवा मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. उगारला. ती डोळे मिटून, मान आत ओढून उभी राहिली, लहान पोरीसारखी. मग मी मोरीत जाऊन रडलो. मी थकलो आहे. घर विकायलाच हवं, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल. बागेचं मी बघतो, तू काळजी करू नकोस.

तुझं अक्षर असं का झालंय? ओळी उजवीकडे घसरत खाली जातात. फळ्यावर एक ओळ वाकडी झाली तर तू अख्खा फळा पुसायचीस.

तुझा ठोंब्या

---

९ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

हात उगारलास ते मला लिहिलंस, म्हणजे तू अजून चांगलाच आहेस. पण आता एक दिवससुद्धा फुकट घालवायचा नाही. तिला इथे आणू, तू पाय पसरून झोपशील, मी आहे ना. फक्त हे तीन आठवडे कसेतरी रेट.

अक्षराचं काय घेऊन बसलास. बसमध्ये लिहिते हल्ली, गचके बसतात.

दलाल काल परत येऊन गेला म्हणे. तू पाठमोरा खणत होतास, त्याने हाका मारल्या, तू वळून बघितलं नाहीस. असं वागून कसं चालेल? गिऱ्हाईक तोच आणणार आहे. तो म्हणाला, काम दिसतंय, पण फाटक उघडताना असं किंचाळतं की दात शिवशिवतात. गिऱ्हाइकाचा पहिला हात फाटकालाच लागतो. तुला कसा रे चालतो तो आवाज रोज? बिजागऱ्यांचा गंज घासून काढ आणि भरपूर तेल सोड.

आणि खुर्ची काढ. आईला मागच्या अंगणात दुसरी चांगली खुर्ची दे. तिथेही ऊन येतं. चार दिवस कुरकुरेल, मग विसरेल. विसरणं तर आता तिला जमतंच.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

ताई

---

१४ मार्च

प्रिय ताई,

झालं. विश्वास बसणार नाही, पण झालं.

गवत काढलं. सोळा पोती भरली, ती रांगेच्या टोकाला रिकाम्या जागेत रचून ठेवली आहेत, कचऱ्याची गाडी महिनाअखेर येते. झुडूप उपटताना दोन्ही हात सोलले. पायवाट घासली तर खाली लाल फरशी निघाली. आपल्याकडे लाल फरशी होती, हे तुला आठवतं? खिडकी उघडते आता. चार कुंड्या आणून दोन्ही बाजूंना ठेवल्या, एकसारख्या. फाटकाला तेल घातलं, आता बोटाने ढकललं तरी उघडतं. ते किंचाळतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सवय झाली असेल.

खुर्ची परवा भंगारवाल्याला दिली. आई बघत होती. मग खुर्ची होती त्या जागी जाऊन उभी राहिली. मागच्या अंगणात नवी खुर्ची ठेवली, हाताला धरून नेलं, बसवलं. दहा मिनिटांनी परत फाटकापाशी उभी. काल तर दुपारपर्यंत उभी होती, पाय सुजले. संध्याकाळी मला म्हणाली, "फार बसलो यांच्याकडे. चला, आता आपल्या घरी जाऊ." मी म्हटलं हेच आपलं घर. ती हसली, परक्या माणसाशी हसतात तसं.

तिचं नेहमीचंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आता आपलं घर रांगेतल्या बाकीच्या एकोणचाळीस घरांसारखं दिसतं. तुला लहानपणी तेच हवं होतं.

ठोंब्या

---

१७ मार्च

प्रिय ठोंब्या,

शाबास. दलाल तोंड भरून कौतुक करत होता, माझाच ऊर भरून आला.

ऐक. बावीस तारखेला सकाळी अकरा वाजता गिऱ्हाईक येतंय. नवरा-बायको आहेत, कारखान्याची ती जुनी घरंच हवीत त्यांना. बाहेरून घर बघून गेले, पसंत आहे, आत यायचं तेवढं बाकी. त्या दिवशी दाढी कर. कुंड्यांना पाणी घाल. आईला मागे बसव आणि ती काही विचारत आली तर पाहुण्यांसमोर तिच्यावर चिडू नकोस. शक्य तेवढं कमी बोल. तसा तू हल्ली बोलतोस कुठे.

थोडी कळ काढ. मग सुटलास तू. मीही सुटेन.

ताई

---

२० मार्च, सकाळ

ताई,

आई सापडत नाही.

काकूंनी तुला फोनवर सांगितलंच आहे. तू काय म्हणालीस ते त्यांनी मला लिहून दाखवलं. लिहून का, ते खाली सांगतो. आधी झालं काय ते सांगतो.

काल दुपारी जेवल्यावर आई फाटकाशी उभी होती. मी मागे कपडे धुवायला बसलो. अर्ध्या तासाने पुढे आलो तर ती नव्हती आणि फाटक उघडं होतं. मी पाचव्या घरापर्यंत पळालो, मग उलट दिशेला पळालो. मग काकूंच्या खिडकीशी गेलो. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मशीन थांबवलं.

त्यांनी शिवणाच्या कागदावर जे लिहिलं ते तसंच उतरवतो. "फाटक वाजलं की मी उठते. दिवसातून दोनदा तरी. कोपऱ्यापर्यंत जाते, तिला हाताला धरून परत आणते, खुर्चीवर बसवते. वर्ष झालं. तुला माहीत आहे असं मला वाटायचं. खुर्ची गेल्यापासून ती नुसती फाटकाशी उभी असायची, बाहेर पडायची नाही. आज फाटक वाजलंच नाही रे."

ताई, मला ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं मी तुला लिहीत आलो, ते खोटं. प्रेसवर तीस वर्षं पत्रा ठोकला, डावा कान कारखान्यात असतानाच गेला आणि उजवा दोन वर्षांपूर्वी. काहीच येत नाही. म्हणून फोनवर येत नव्हतो. दलालाने हाका मारल्या त्या मला कळल्याच नाहीत. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बहिऱ्या माणसाच्या भरवशावर आईला कसं ठेवायचं. आणि बरोबरच म्हणाली असतीस. फाटक वाजतं हे मला कुठून माहीत असणार? माझ्यासाठी ते कधीचंच गप्प झालंय. मी माझ्या हाताने त्याला तेल पाजलं.

कुलूप का नाही लावलंस, असं विचारशील. मागे एकदा लावलं होतं. तिने फाटकावर डोकं आपटून घेतलं.

ठाण्यावर जाऊन आलो. तिथल्या माणसाने काय काय विचारलं, मला ओठ नीट वाचता आले नाहीत, शेवटी काकूंनी सांगितलं सगळं. तिने कुठलं पातळ नेसलं होतं ते मला आठवेना. रोज मी तिला नेसायला मदत करतो आणि मला रंग आठवेना.

पंक्चर काढणाऱ्याने तिला बघितलं होतं. चार वाजता. म्हणजे आम्ही तिकडे मोठ्या रस्त्याला शोधत होतो तेव्हा ती परत आली होती, ताई. आपल्या फाटकासमोर उभी होती. तो म्हणाला, आजी, जा की आत. तर ती म्हणाली, "हे आमचं नाही. आमच्या दारात कोण एवढं झाडून ठेवतंय." आणि पुढे गेली. रांग संपेपर्यंत जाऊन परत आली, परत आपल्या दारावरून गेली. दोनदा. मग त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि त्याचं लक्ष गेलं.

ती माझ्यावर चिडून गेली. काल सकाळी मी तिच्यावर ओरडलो होतो, साबणावरून. माझा आवाज मला ऐकू येत नाही, केवढा मोठा येत असेल कोण जाणे. माझं तोंड बघायचं नाही म्हणून दारातून परत फिरली ती.

आणि एक सांगून टाकतो, म्हणजे तुझ्यापासून लपवायला काही उरणार नाही. फाटक उघडं दिसलं तेव्हा अगदी पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. एक क्षणच. मग पळालो. पण तो क्षण होता.

हे पत्र कुरियरने पाठवतोय. मी परत शोधायला जातो.

ठोंब्या

---

२१ मार्च

ठोंब्या,

काकूंच्या फोनवरून तुला निरोप देता आला असता. पण जे लिहिणार आहे ते त्यांच्या तोंडून तुझ्यापर्यंत जायला नको.

ती तुझ्यावर चिडून गेलेली नाही. तिला घर सापडलं नाही.

तुझं पत्र वाचता वाचता मला आठवलं, आणि आठवल्यापासून मी स्वतःला शिव्या घालतेय. मी सहा वर्षांची होते, तू पाळण्यात. दिवे लागायच्या वेळेला मी खेळून परत आले आणि आपलं समजून भलत्याच घरात शिरले. तेच फाटक, तोच दरवाजा, तोच ओटा. त्या बाईंना पाच मुलं, त्यांनी मलाही पानावर बसवलं. मी जेवले, त्यांच्या मुलांबरोबर झोपलेसुद्धा. आई रस्ताभर माझं नाव घेत फिरत होती. सापडले तेव्हा आधी मला मारलं आणि मग सोडेचना.

दुसऱ्या दिवशी तिने मोडकी खुर्ची बाहेर काढली, बाबांनी कारखान्यातून आणलेला उरलासुरला निळा रंग तिला फासला आणि फाटकाशी ठेवली. मला म्हणाली, निळी खुर्ची दिसली की आत शिरायचं, नाही दिसली तर पुढे चालायचं. बाबा पाय बसवायला निघाले तर तिने बसवू दिला नाही. सगळ्यांच्या खुर्च्यांना चार पाय असतात, म्हणाली. बाकीच्या बाया दारापुढचं गवत कापायच्या, हिने वाढू दिलं. तू चालायला लागलास तेव्हा तुलाही हेच शिकवलं असेल. आणि मी मोठी झाले, मला लाज वाटायला लागली, आणि ती खुर्ची कशासाठी आहे हेच मी विसरले. आई नाही विसरली. सगळं विसरली, तेवढं नाही. आता ती तेच करतेय. निळी खुर्ची दिसत नाही, म्हणून पुढे चालतेय.

खुर्ची परत आण. भंगारवाल्याने मोडली असेल तर दुसरी आण, तीन पायांची कर, निळी कर. पोती आहेत ना अजून? रिकामी कर दारात. डबे टाक. फाटक वाजव. उद्या गिऱ्हाईक येणार आहे ते माझ्या लक्षात आहे. येऊ दे. तू हेच कर.

आता माझं. मी बसमध्ये लिहीत नाही. सात आठवडे झाले, मी पाठीवर पडून आहे. कण्याचं ऑपरेशन झालं. पाटी छातीवर धरून लिहिते, म्हणून ओळी घसरतात. बसायला अजून परवानगी नाही, गाडीत घालून आणायला डॉक्टर ऐकत नाहीत. काल मी उठायचा प्रयत्न केला आणि पडले. लागलं नाही, पण आता खोलीत माणूस बसवून ठेवलाय.

आणि माझ्या शेजारी तळमजल्यावर कुठलीही जागा नाही, ठोंब्या. कधीच नव्हती. जिथे म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात अशा एका संस्थेत मी आईचं नाव घातलं होतं. एकतीस मार्च ही त्यांची मुदत आहे. घर विकलं की तिथे पैसे भरायचे आणि तू इथे माझ्या पुढच्या खोलीत राहायचं, असं मी ठरवलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू बागेतलं एक पान तोडलं नसतंस, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पडल्या पडल्या दोघांचं आयुष्य लावून टाकायला निघाले होते, वर्गात बाकं लावावीत तसं.

तुझ्या त्या एका क्षणाबद्दल. मी तर कागदावर सही केली होती.

आईला शोध.

ताई

---

२३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र काल सकाळी साडेसातला मिळालं. वाचून संपायच्या आत मी भंगारवाल्याकडे पोचलो होतो. खुर्ची मोडलेली नव्हती. तो स्वतःच तिच्यावर बसून चहा पीत होता, विटेच्या जागी तेलाचा डबा लावून. मी त्याला काही समजावत बसलो नाही, उठवलं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन निघालो.

मग पोती. सोळाची सोळा. पंक्चरवाला आला, काकू आल्या, त्यांनी शिवायचं सोडून दिलं होतं. गवत सुकून गेलं होतं, ते उभं राहत नव्हतं, मग मातीत भोकं पाडून मूठमूठ रोवलं. वेल खिडकीवर दोऱ्याने बांधली. कुंड्या मी फोडल्या. लाल फरशीवर घमेली भरभरून माती टाकली. काकूंना एवढ्यातही हसू येत होतं आणि डोळ्याला पदर पण लागत होता.

फाटकाला सगळ्यात जास्त वेळ लागला. घासलेट घालून तेल काढलं, बिजागऱ्यांत वाळू भरली, मिठाचं पाणी ओतलं. मी फाटक हलवायचो आणि काकूंकडे बघायचो. त्या मान हलवायच्या, नाही. परत वाळू. नाही. शेवटी एका वेळेला त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, तेव्हा मी थांबलो.

त्याच वेळेला गिऱ्हाईक आलं. अकरा वाजले होते. मी कोपरापर्यंत चिखलात, दाढी केलेली नाही, दारात कचऱ्याचं शेत. दलालाने कपाळावर हात मारून घेतला. ती बाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, मला वाचता आलं नाही. मी त्यांना हात जोडले. ते गेले. ते आता येणार नाहीत.

दुपारचे तीन वाजले, चार वाजले. मी ओट्यावर बसलो होतो. सुकलेलं गवत वाऱ्याने पडत होतं, मी उठून परत रोवत होतो. तीन दिवस झाले होते. आता खुर्चीचा काय उपयोग, असं मनात यायला लागलं. ती कुठेतरी पडली असेल, संपली असेल आणि मी इथे गवत रोवतोय. मला खरंच वाटलं की मी वेडा झालो.

मग एक दुधाची गाडी रांगेच्या टोकाशी वळली. माणूस चालतो तेवढ्या वेगाने येत होती. प्रत्येक घराशी थांबायची आणि पुढे सरकायची. आई पुढच्या सीटवर बसली होती, ताई. प्रत्येक घराशी मान हलवत होती, नाही.

तेविसाव्या घराशी गाडी थांबली आणि ती स्वतः दार उघडून उतरली.

गाडीवाल्याला ती वीस तारखेला सकाळी शहराच्या पार पलीकडे सापडली होती. पहिली रात्र कुठे काढली ते कुणालाच माहीत नाही. पाय फुटले आहेत, उजव्या कोपराला खरचटलंय, बाकी धड आहे. त्याने घरी नेली, बायकोने जेवायला घातलं. तिकडच्या ठाण्यावर सांगितलंही होतं, पण हद्द वेगळी पडली. घर कुठलं विचारलं की तिचं एकच उत्तर, निळ्या खुर्चीचं. दूध टाकून झालं की तो तिला घेऊन घरं दाखवत फिरायचा. वीस तारखेच्या दुपारी आपल्या रांगेतूनही फिरवली होती. काकूंनी हे लिहिलेलं मी वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तो फेकणार नाही.

आई फाटकापाशी आली. फाटक ढकललं. मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं की वाजलं. खुर्चीवर बसली, पदराने तोंड पुसलं. मी तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं वाचलं, म्हणून परत म्हण अशी खूण केली. ती सावकाश म्हणाली, लहान मुलाला सांगतात तसं. "तुम्ही नवे माळी का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ती संस्थेची जागा सोडून दे. मी हे रागाने लिहीत नाही. तिला तिथे नेलं तर ती पहिल्याच दिवशी फाटकातून बाहेर पडेल आणि खुर्ची शोधत चालत राहील. पण इथे तरी मी कसं करणार आहे ते मला माहीत नाही. काकू म्हणतात, फाटकाचं माझ्याकडे लागलं. त्यांचं वय सत्तर आहे. तू उठून बसायला लागलीस की विचार करू. आधी तू उठून बस. आणि यापुढे दोघांनीही खरं लिहायचं.

एवढं सांगून थांबतो. संध्याकाळी मी फाटकापुढची सांडलेली माती गोळा करायला झाडू घेतला, सवयीने. आईने माझा हात धरला. तिचे ओठ मी अगदी नीट वाचले. "इथलं काही आवरू नका. मुलं बाहेर गेलीत माझी. त्यांना घर सापडायला हवं."

मी विचारलं, किती मुलं?

तिने दोन बोटं दाखवली. मी झाडू ठेवून दिला.

तुझा ठोंब्या